बाबांचा डावा हात आणि दोन इंचाचे स्पीकर

आमच्या हॉलच्या मधोमध दोन दरवाजे उभे आहेत. त्यांना चौकट नाही, कडी नाही आणि ते कुठे उघडतही नाहीत. माणसाहून उंच, दोन इंच जाड, काळ्या जाळीची ही दोन फळकुटं म्हणजे माझे स्पीकर. घरी येणारा प्रत्येक पाहुणा आधी त्यांच्या मागे डोकावून येतो. मागे भिंत आहे, चार फुटांवर. भिंतीला टेकवले तर आवाज बिघडतो, कारण हे स्पीकर जेवढं पुढे गातात तेवढंच मागेही गातात. त्यामुळे आमच्या हॉलचा खिडकीकडचा, वाऱ्याचा भाग स्पीकरांच्या पाठीसाठी राखीव आहे आणि माणसं दाराशी, चपलांच्या शेजारी बसतात.

मी मूळचा किहीमचाच. मुंबईत एका कारखान्यात पंपांची देखभाल करण्यात उमेद गेली आणि निवृत्त झाल्यावर बायकोला घेऊन बाबांच्या वाडीत परत आलो. तोवर आजूबाजूच्या निम्म्या वाड्यांचे बंगले झाले होते. शनिवारी येणारे, रविवारी जाणारे आणि मधले पाच दिवस माळ्याला फोन करून नारळ मोजायला लावणारे लोक. त्यांतल्याच एकाने हे स्पीकर मला विकले. आत प्लॅस्टिकच्या पिशवीहून पातळ पडदा, त्याला हजारो व्होल्टचा दाब, तो पडदा थरथरतो आणि आवाज निघतो; खोकाच नाही, म्हणून खोक्याचा आवाज नाही, असं त्याने मला सांगितलं. मग एका बाईचं गाणं लावलं. तिचा श्वास ऐकू आला, तिच्या बांगड्या ऐकू आल्या. समुद्राच्या खाऱ्या हवेशी या पडद्याचं किती पटतं, हे त्याने सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. व्यवहार झाल्यावर त्याने स्वतः टेम्पोत चढवायला हात लावला. बंगलेवाला हात लावतो म्हणजे काय, हे मला तेव्हाच कळायला हवं होतं.

बाबा गावच्या भजनात चाळीस वर्षं पखवाज वाजवत. स्पीकर येण्याच्या दोन वर्षं आधी त्यांच्या डाव्या अंगावरून वारं गेलं. पाय थोडा सुधारला, हात सुधारला नाही. तो हात ते उजव्या हाताने उचलून मांडीवर ठेवतात आणि मग तो तिथेच असतो. तक्रार म्हणून कधी नाही. औषध दिलं तर घेतात, व्यायाम सांगितला तर तोंड फिरवतात. स्पीकर आले त्या दिवशी मात्र त्यांनी बराच वेळ त्यांच्याकडे बघितलं आणि म्हणाले, "माजी टेप हाय ना तुज्याकडं? एकदा मना माजा डावा आयकव."

दोन वर्षांत त्यांनी माझ्याकडे मागितलेली ही पहिली गोष्ट.

पखवाजात उजवा हात बोल काढतो आणि डावा त्याखाली घुमारा धरतो. डाव्याशिवाय पखवाज म्हणजे टेबलावर बोटं आपटणं. बाबांचा डावा हात आसपासच्या पाच-सहा गावांत प्रसिद्ध होता आणि त्यांच्या वाजवण्याची एकच टेप होती. सप्ताहातल्या एका दुपारच्या भजनात, देवळात, मीच ती उतरवून घेतली होती, तरुण असताना. मुंबईच्या घरी ती एका पत्र्याच्या डब्यात जपून ठेवलेली. ती कॅसेट मी कॉम्प्युटरवर उतरवून आणली, बाबांना खुर्चीत बसवलं आणि बटण दाबलं.

काय सांगू! झांजांची कड न् कड वेगळी. वीणेकऱ्याचं खाकरणं. कोणीतरी मागे सतरंजी ओढली तेही कळलं. बाबा डोळे मिटून शेवटपर्यंत ऐकत राहिले. मग म्हणाले, "उजवा झ्याक हाय. डावा न्हाय."

मी खूश झालो. खरंच खूश झालो, कारण रोगाचं नाव मला आधीच माहीत होतं. एवढा पातळ पडदा केसभर हलतो, तो खालचा जाड आवाज काढणार कुठून? त्याला जोडीला सबवूफर, नुसता जाड आवाज काढणारा खोका, लागतो. म्हणजे बाबांचा डावा हात फक्त एका खोक्याच्या अंतरावर होता.

खोका निवडायला मी एक सल्लागार गाठला. फोनवरच्या एका ग्रुपमध्ये हे गृहस्थ रोज दुसऱ्यांच्या घरच्या आवाजाला नावं ठेवत. ते मुंबईहून रो-रो बोटीत गाडी घालून आले, गाडीत तीन खोके आणि एक वायरींची पेटी. सल्ला फुकट, खोके नाहीत. त्यांनी आमच्या हॉलमध्ये उभं राहून एक टाळी वाजवली, कान टवकारले आणि चेहरा असा केला की बायकोला वाटलं, घरात कोणी गेलं काय.

"सर, पॅनेल आणि सब जुळवणं म्हणजे पत्रिका जुळवण्यासारखं आहे," ते म्हणाले. पॅनेल, म्हणजे माझी फळकुटं, चपळ; सब जड. पॅनेल बोलून मोकळं होतं आणि सब त्यानंतर उठतो. शिवाय अ‍ॅम्प्लिफायर. या पॅनेलांचा स्वभाव असा, की सूर वर गेला की विजेला असलेला त्यांचा विरोध जवळजवळ संपतो आणि ती करंट पिऊ लागतात. साधा अ‍ॅम्प्लिफायर तिथे मान टाकतो. माझ्या साध्या अ‍ॅम्प्लिफायरने पुढच्याच आठवड्यात, झांजा ऐन भरात असताना, जळका वास सोडून मान टाकली. नवीन आणला तो उचलायला दोन माणसं लागली. तो इतका तापे, की थंडीत बायको त्यावर दह्याचं पातेलं ठेवू लागली. दही उत्तम लागे. या सबंध प्रकरणात पहिल्या फटक्यात जमलेली ती एकच गोष्ट.

पहिला सब जोडला. त्याला पुढे भोक होतं, त्यातून वारा यायचा. टेप लावली. अभंगाची ओळ संपून टाळकरी पुढच्या ओळीला लागले की मागून कोणीतरी सामान पाडल्यासारखा आवाज यायचा. बाबा म्हणाले, "यो मागनं येतो." सल्लागारांना फोन केला. ते म्हणाले, दोष सबचा नाही, जागेचा आहे. सब तुमच्या खुर्चीवर ठेवा, गाणं लावा आणि तुम्ही स्वतः खोलीभर रांगत फिरा. जिथे जाडा आवाज सर्वांत बरा लागेल, ती सबची जागा.

मी रांगलो. चौसष्टाव्या वर्षी, चार पायांवर, कान जमिनीलगत ठेवून, कोपऱ्याकोपऱ्यात. खुर्चीत खोका बसलेला आणि मी त्याच्यासमोर सरपटतोय, अशा वेळी मासळीवाली खिडकीशी आली. तिने थोडा वेळ बघितलं आणि बायकोला विचारलं, "साहेबांचा दात पडला काय गो?" बायको म्हणाली, "हो, अक्कलदाढ." दोघी इतक्या हसल्या की मासळी तोलताना ताजवा हलत होता. जागा सापडली ती देवघराच्या दाराशी. देव हलवले.

आमचा एक चुलतभाऊ हळदीच्या कार्यक्रमांना साउंड पुरवतो. आमच्या भागात लग्न एक वेळ साधं होईल, पण हळदीला छातीत धडकी भरवणारा आवाज नसेल तर सोयरे बोलतात. त्याच्या एकेका सबमध्ये माणूस निजेल. त्याला माझी खटपट कळली आणि तो काळजीने एक खोका टेम्पोत घालून घेऊन आला. "दादा, याच्यापुढं तुझा खोका म्हंजे डब्बा हाय," म्हणाला आणि जोडला. पहिल्याच ठेक्याला भिंतीवरचं कॅलेंडर खाली आलं, स्वयंपाकघरातले पेले नाचले, शेजारच्या बंगल्यातला अल्सेशियन कॉटखाली गेला. बाबांनी उजवा हात वर केला. चुलतभावाला वाटलं, आशीर्वाद देतायत. ते थांब म्हणत होते. "कान फुटतील रं," ते म्हणाले. "डावा फोडत न्हाय, धरतो."

हे वाक्य मी सल्लागारांना कळवलं. ते म्हणाले, वा, म्हणजे काकांना बंद खोक्याचे दोन सब लागणार. बाबा काहीही बोलले की त्याचा अर्थ दोन सब असाच निघायचा.

ते दोन आले. मग सुरू झालं ते बारीक काम. कोणत्या सुराखाली पॅनेलने थांबायचं आणि सबने सुरू करायचं, ती सीमा. ती थोडी वर नेली तर गायकाला पडसं होई, खाली नेली तर मध्ये खड्डा पडे. मग एक बटण, ज्याने सब पॅनेलबरोबर हवा ढकलतोय की उलटी ओढतोय ते ठरतं. मी वही केली. मला वायरींतला फरक ऐकू यायला लागला. एका वायरीने झांज पिवळी वाटते, दुसरीने पांढरी, असं मी बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "गेले तीन दिवस मी तुम्हाला मिक्सर बिघडलाय म्हणून सांगतेय, ते ऐकू आलं का?"

मधल्या काळात दसरा आला. मी आणि बायको अलिबागला बाजारात गेलो होतो. परत आलो तर दोन्ही पॅनेलांना झेंडूच्या माळा आणि जाळीवर हळदीकुंकवाची बोटं. बाबांनी घातलेली. दसऱ्याला वाद्याची पूजा करायची, हे त्यांनी आयुष्यभर पाळलेलं. पखवाज आता खुंटीला, म्हणून समोर जे वाजतं त्याला त्यांनी कुंकू लावलं होतं, एका हाताने, काठी बगलेत धरून. पण आत हजारो व्होल्ट. तो पडदा धूळ ओढून घेतो, तसं त्याने कुंकू ओढून घेतलं. चालू केलं तेव्हा आतून पापड तळल्यासारखा आवाज आला. मी बाबांवर ओरडलो. वयाला, आजाराला, कशालाच न बघता ओरडलो. ते म्हणाले, "मना वाटला, वाद्यच हाय." आणि आत जाऊन पडले. पॅनेल साफ व्हायला पंधरा दिवस लागले, आणि त्या पंधरा दिवसांत मला जास्त वाईट पॅनेलचं वाटत होतं, हे आज लिहायला लाज वाटते.

एव्हाना सगळं उत्तम जुळलं होतं. कोणतंही गाणं लावा, तबल्याचा डग्गा पोटात उतरे. फक्त बाबांची टेप लावली की खाली काही नाही. सबच्या पडद्याला हात लावून बघितला, तो हलत नव्हता. बायको एकदा म्हणाली, "टेपमध्येच नसेल तर?" मी तिला समजावलं, की कॅसेटवर खालचा सूर दबलेला असतो, नसलेला नसतो. सल्लागारांनी कॉम्प्युटरवर एक आलेख काढून त्यातलं टेंगूळ बोटाने दाखवलं. "हा बघा काकांचा डावा. दडून बसलाय." मलाही तो तिथे दिसला. आता वाटतं, ते टेंगूळ देवळातल्या पंख्याचंही असेल.

दडलेल्या डाव्याला बाहेर काढायला त्यांनी शेवटचं यंत्र आणलं. वरचा सूर ऐकून हे यंत्र त्याच्या खालचा सूर स्वतः तयार करतं. म्हणजे उजवा जे वाजवील त्यावरून डाव्याने काय वाजवलं असेल ते ते ठरवतं. पंप दुरुस्त करणाऱ्या माणसाला यात काही खटकायला हवं होतं. खटकलं नाही.

त्या रविवारी सकाळी बायकोने पोहे केले, चुलतभाऊ आला, सल्लागार मधल्या खुर्चीच्या मागे उभे राहिले आणि बाबांना मी धुतलेला सदरा घालून खुर्चीत बसवलं. टेप लावली. आणि घुमला! गोल, भरलेला, खोलीच्या तळातून वर येणारा घुमारा. चुलतभाऊ म्हणाला, "काका, काय हात व्हता!" सल्लागारांनी चष्मा काढून डोळे पुसले. माझंही भरून आलं. मी बाबांकडे बघितलं. ते कपाळाला आठ्या घालून डाव्या पॅनेलकडे बघत होते.

"यो कोन वाजवतो?" त्यांनी विचारलं.

"तुम्हीच, बाबा."

"मी न्हाय. त्या दिशी माजा डावा वाजलाच न्हवता. वाजंल कसा? कनिक तुजी आईस मलायची."

पखवाज वाजवायला बसण्यापूर्वी डाव्या तोंडाच्या चामड्यावर भिजवलेल्या कणकेचा गोळा थापतात. घुमारा येतो तो त्या कणकेमुळे. सैल झाली तर घसरते, घट्ट झाली तर सुटते. आमच्याकडे भाकरी तांदळाची. गव्हाचं पीठ घरात यायचं ते त्या गोळ्यासाठी, आणि गोळा मळायची आई. पाणी किती, ते ती हवा बघून ठरवायची. बाबांनी आयुष्यात दुसऱ्या कोणाच्या हातची कणीक लावली नव्हती.

"ती अलिबागला दवाखान्यात," बाबा म्हणाले. "मंग मीच मलली. पातल झाली. दुसऱ्या अभंगाला गलून पडली. पुडं सगला कोरडाच वाजवला."

सल्लागार आपल्या यंत्राकडे बघत होते. चुलतभावाने पोह्यांची बशी खाली ठेवली.

"मग वर्षभर बोलला का नाहीत?" मी जवळजवळ ओरडूनच विचारलं. "इतके खोके आणले, रांगलो, सगळं केलं!"

"मी मागितली तवा माज्या ध्यानात न्हवता, ती टेप त्याच दिसाची हाय. पयल्यांदा आयकली तवाच कलला. पन तुला कशाला सांगू? तुला त्या दिसाची याद येल, म्हनून गप बसलो. तू आपला खटपटीत व्हतास, बरा व्हतास." मग त्यांनी बोटाने दाखवलं. "ती पेटी बंद कर. खालचे दोनी बंद कर. हाय तसा लाव."

मी सब बंद केले, यंत्राची वायर काढली. नुसत्या पॅनेलवर टेप पुन्हा लावली. उजव्या हाताचे स्वच्छ बोल आणि त्याखाली कोरडं, पोकळ चामडं. बाबांनी डावा हात उचलून मांडीवर नीट ठेवला आणि डोळे मिटले. वर्षभर मी त्यांना हीच टेप रविवारमागून रविवार ऐकवली होती. आई घरात नव्हती, तो दिवस, माझा खोका बदलला की पुन्हा पहिल्यापासून.

मला तो दिवस आठवायला वेळ लागला नाही. मी एका दिवसाच्या रजेवर, मित्राचा टेपरेकॉर्डर मागून आणून, मुंबईहून आलो होतो. आईला साधा ताप आहे, सलाईन लावलंय, दोन दिवसांत घरी येईल, असं सगळे म्हणत होते. बाबांना तिच्याजवळ जायचं होतं. एवढं यंत्र आणलंय तर आज वाजवाच, हा हट्ट माझा. भजन संपल्यावर दोघांनी मिळून अलिबागला जायचं ठरलं होतं. बाबा हातात आईच्या जेवणाचा डबा घेऊन देवळाच्या पायरीवर उभे राहिले आणि मी टेप नीट उतरलीय का ते बघत बसलो. एकदा ऐकली. मध्ये एक कुत्रं भुंकलं होतं, त्याने किती बिघडलंय ते बघायला पुन्हा ऐकली. तुम्ही व्हा पुढे, मी येतो, असं त्यांना सांगितलं. मग रेवसहून मुंबईला जाणारी शेवटची लाँच चुकेल म्हणून मी अलिबागला गेलोच नाही, उलट्या दिशेने धक्क्यावर गेलो. चौथ्या दिवशी कारखान्यात फोन आला, आई गेली. तोवर ती टेप माझी सगळ्या मित्रांना ऐकवून झाली होती, आणि तिच्यात डावा हात नाही हे माझ्या लक्षातही आलं नव्हतं.